युद्धातून आलेल्यांसाठी स्वयंसेवक: काय गोळा करावे, काय करू नये, आणि स्थानकावर नेमके काम काय असते?

गारवेल

हिवाळा जवळ आला की युरोपातल्या मराठी मंडळांच्या गटांवर एक निरोप फिरू लागतो: घरातले जुने गरम कपडे, चादरी, खेळणी आणून द्या, युक्रेनमधून आलेल्यांसाठी पाठवायची आहेत. त्यामागच्या आपुलकीबद्दल तक्रार नाही. पण २४ फेब्रुवारी २०२२ला रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर पोलंडच्या सीमेवर जे झाले त्यातून आपण काहीतरी शिकायला हवे. मेडिकाच्या नाक्यापाशी कपड्यांचे ढीग उघड्यावर भिजत पडलेले सगळ्यांनी बातम्यांत पाहिले आहेत. वस्तू लवकर जमतात. त्या निवडायला, लावायला आणि योग्य माणसाला द्यायला माणसे कमी पडतात.

३० मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे पाच आठवड्यांत, चाळीस लाख लोक युक्रेनबाहेर पडले होते. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती, त्यामुळे येणाऱ्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. पहिल्या दिवसांत त्यांना गाडीतून उतरवून घेतले ते शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी, दुकानदारांनी, गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकांनी. साध्या लोकांनी.

मत स्पष्ट मांडतो: मंडळांनी सरसकट कपडे गोळा करणे बंद करावे आणि तो वेळ दुसऱ्या कामाला द्यावा. कोणत्या, ते जाणकारांनी सांगावे. कृपया माप, संख्या, पद्धत यांसकट लिहा. "मदत करा" एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही.

पायवाट

मालवाहतुकीच्या बाजूने लिहितो.

सगळ्यात मोठा घोटाळा खोक्यातच होतो. एका खोक्यात स्वेटर, दोन बाहुल्या, अर्धी शांपूची बाटली आणि पास्ता. असे खोके पोचले की कुणीतरी ते उघडून पुन्हा चार खोकी करते. ते काम तुमच्या शहरात झाले असते तर गोदामातल्या माणसांचा वेळ वाचला असता. म्हणून नियम एकच: एका खोक्यात एकाच प्रकारची वस्तू, एकाच मापाची.

खोके ६० × ४० × ४० सेंटिमीटरचे घ्या. युरो पॅलेट १२० × ८०चे असते, त्यावर एका थरात बरोबर चार बसतात. चार थर म्हणजे सोळा खोकी, पॅलेटची स्वतःची उंची धरून पावणेदोन मीटर. एका खोक्याचे वजन १५ किलोच्या आत ठेवा, कारण उतरवून घेणारी माणसे बरेचदा कॉलेजची मुले किंवा साठीच्या बायका असतात. जड खाली, हलके वर. स्ट्रेच फिल्म गुंडाळताना पहिले चार-पाच वेढे पॅलेटच्या लाकडासकट घ्या. फिल्म फक्त खोक्यांभोवती गुंडाळली तर पहिल्या जोरदार ब्रेकला सगळा मनोरा लाकडावरून सरकतो.

चिठ्ठी वर लावू नका, वर दुसरे खोके येते. शेजारशेजारच्या दोन बाजूंवर लावा: वस्तू, माप, नग, वजन. पोलिश किंवा जर्मन, आणि जोडीला युक्रेनियन. केळ्यांची खोकी फुकट मिळतात आणि मजबूत असतात, पण त्यांच्या तळाला मोठे भोक असते. आत पुठ्ठा घातल्याशिवाय मोजे, साबण, टूथब्रश त्यात भरू नका.

आणखी एक. पोलंड-जर्मनीत राहणाऱ्या निर्वासितांना वस्तू देणे वेगळे आणि युक्रेनच्या आत माल पाठवणे वेगळे. युक्रेन युरोपीय संघाबाहेर आहे. तिथे सीमाशुल्काची कागदपत्रे, मालाची यादी आणि स्वीकारणाऱ्या संस्थेचे पत्र लागते. ते पत्र हातात येण्याआधी गाडी भरू नका.

सह्यवारा

गारवेल, सरसकट बंदी पटली नाही. एका पाठपिशवीवर घर सोडलेल्या बाईला तिसऱ्या दिवशी अंतर्वस्त्रे लागतात, मुलाला कोरडे बूट लागतात. पैशाची मदत सुरू व्हायला नोंदणी, खाते, कार्ड असे टप्पे असतात. तोपर्यंत वस्तूच लागतात. चूक कपड्यांत नाही, निवडीत आणि वाटण्याच्या पद्धतीत आहे.

अंतर्वस्त्रे आणि मोजे फक्त नवे, पाकिटबंद. वापरलेले अजिबात नाही, धुतलेलेसुद्धा नाही. लहान मुलांचे कपडे वयावर न लावता उंचीवर लावावे: ९२, ९८, १०४, ११० अशी सेंटिमीटरची मापे तिकडच्या आयांना ओळखीची असतात. बुटांचे आकडे देशादेशांत थोडे बदलतात, म्हणून आतल्या तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवावी आणि बूट घालून पाहू द्यावे. जोडीच्या लेसा एकमेकींना बांधा, नाहीतर संध्याकाळपर्यंत एका पायाच्या बुटांची रास उरते.

वाटप करताना पिशव्या भरून हातात देऊ नका. दांड्यांवर कपडे लावा, आरसा ठेवा, पडदा लावून कपडे बदलायची जागा करा आणि त्यांना निवडू द्या. एका वेळी पाच-सहा कुटुंबेच आत, दारात क्रमांकाची चिठ्ठी. माणसे स्वतः निवडतात तेव्हा गरजेपुरतेच घेतात. न बघता दिलेल्या पिशव्यांतले निम्मे कपडे पुढच्या स्थानकाच्या बाकावर राहतात.

पायवाट

सह्यवारा, मान्य. मग असे म्हणू: मागणीची यादी आल्याशिवाय गोळा करायचे नाही, आणि यादीला तारीख हवी. तीन आठवड्यांपूर्वीची यादी आजची नसते. डायपर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. "डायपर हवेत" असे वाचून लोक नवजात बाळांचे सगळ्यात लहान माप आणतात, कारण दुकानात तेच पुढे ठेवलेले असते. गरज बहुतेक वेळा ९ किलोच्या वरच्या मुलांच्या मापाची असते. आणि म्हाताऱ्या माणसांच्या डायपरची, ज्याची आठवण कुणालाच येत नाही.

श्रावणसर

मांजरे-कुत्री घेऊन आलेलेही खूप होते ना? त्यांचे काय करायचे?

मुक्काम पोस्ट

हो, खूप. २०२२मध्ये युरोपीय संघाने युक्रेनहून मालकासोबत येणाऱ्या पाळीव प्राण्यांसाठी प्रवेशाचे नियम सैल केले. चिप, लस, कागद नसले तरी आत येता येत होते आणि पुढची तपासणी आत होत होती. रेबीजची लस राहिलेली असू शकते, म्हणून स्वयंसेवकांनी प्राणी स्वतः उचलायचा नाही, मालकालाच उचलू द्यायचे. कुणाला चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची आणि लगेच दवाखाना. पिंजरा, पट्टा, पाण्याची वाटी आणि छोटी खाण्याची पाकिटे एवढे पुरते. दहा किलोचे पोते कुणी गाडीत चढवू शकत नाही.

आता स्थानकाविषयी. युक्रेनचे रूळ १५२० मिलिमीटरचे, पोलंडचे १४३५चे. युक्रेनमधल्या ल्विव्हकडून येणारी रुंद रुळांची गाडी पोलंडमधल्या प्शेमिश्लपर्यंत येते, तिथे उतरून पारपत्र तपासणी, मग पुढची पोलिश गाडी. म्हणजे सगळी गर्दी एका ठिकाणी, एकाच वेळी उतरते. त्याआधी सीमेवर माणसे तासन्तास उभी राहिलेली असतात. त्यामुळे उतरल्यावरचा क्रम ठरलेला: शौचालय, पाणी, बसायला जागा, फोन. जेवण पाचवे. दारातच सूपचा वाडगा पुढे करणाऱ्यांना हे लक्षात येत नाही की त्या बाईच्या एका हातात मूल आहे आणि दुसऱ्या हातात बॅग.

जॅकेटवर भाषा लिहिलेली हवी. युक्रेनियन आणि रशियन येणाऱ्यांना वेगळा रंग, बाकीच्यांना वेगळा. बर्लिनच्या मुख्य स्थानकावर तेच केले होते. आपल्यातल्या ज्यांना यातली एकही भाषा येत नाही त्यांनी बॅगा उचलणे, बाबागाडी जिन्यावरून उतरवणे, शौचालयापाशी रांग लावणे, साफसफाई ही कामे घ्यावीत. ती कामे नेहमीच कमी हातांवर चालतात. आणि दुभाषा म्हणून लहान मुलांना वापरू नका. आईच्या आजाराची किंवा बाबांची गोष्ट मुलाच्या तोंडून वदवायची नसते.

माहितीचा फलक हे सगळ्यात महत्त्वाचे यंत्र. त्यावरच्या प्रत्येक ओळीला तारीख आणि वेळ लिहा. "बर्लिनची गाडी फुकट" ही ओळ कालची असेल आणि आज नियम बदलला असेल तर एक कुटुंब रात्री दोनला फलाटावर अडकते. माहीत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणायचे आणि खरेच विचारून यायचे. अंदाजाने दिलेले उत्तर इथे फार महाग पडते.

पाळी चार तासांची, जास्तीत जास्त सहा. पाळी बदलताना पंधरा मिनिटे दोन्ही गट एकत्र, आणि एक वही: कोणती गाडी उशिरा आहे, कोणत्या निवाऱ्यात किती खाटा रिकाम्या, कोणत्या आजींना इन्शुलिन हवे. वही कागदाची. फोनवरच्या गटात निरोप वर सरकून जातो.

तिखटमीठ

पाचव्या क्रमांकावरच्या जेवणाबद्दल थोडे.

शंभर माणसांचा हिशोब: सूप माणशी ३५० मिलिलिटर म्हणजे ३५ लिटर. त्याला ५० लिटरचे पातेले घ्या आणि ते भरल्यावर हलवू नका, जिथे वाढायचे तिथेच शिजवा. बकव्हीट, म्हणजे आपला कुट्टू, तिकडे रोजच्या जेवणात असतो. कोरडा ८० ग्रॅम माणशी धरला तर ८ किलो, पाणी मापाने एकास दोन. ढवळू नका, झाकण ठेवून मंद आचेवर पाणी आटू द्या आणि दहा मिनिटे मुरू द्या. चहा काळा, माणशी २०० मिलिलिटर, म्हणजे २० लिटर. दूध आणि साखर वेगळी ठेवा.

आपली मुगाची खिचडी चालते का, असे विचारले जाते. चालते, मुलांना आवडतेही. मिरची नको, हिंग-मोहरीची फोडणी अगदी हलकी. म्हाताऱ्यांना मऊ अन्न लागते, कवळी बरेचदा घरीच राहिलेली असते.

बिघडते कुठे? गरम अन्न ६५ अंशांच्या वर राहिले पाहिजे. शिजवलेला भात मोठ्या पातेल्यात तसाच गार होत ठेवला की मधला भाग कितीतरी तास कोमट राहतो आणि त्यात जंतू असे विष तयार करतात जे पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात उथळ ताटांत पसरून गार करा, नाहीतर टाकून द्या. मेयोनेजची सँडविचे तापवलेल्या हॉलमध्ये दोन तासांहून जास्त ठेवू नका. दाणे, दूध, गहू, अंडे यांतले काय आहे त्याची चिठ्ठी प्रत्येक भांड्यावर. जर्मनीत नियमितपणे अन्न हाताळणार असाल तर आरोग्य कार्यालयाकडून संसर्गाबाबतची माहिती घेतल्याचा दाखला लागतो. तो आधी काढून ठेवा.

पुढच्या गाडीसाठी वेगळी पुडी: पाव, केळे, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, ओले रुमाल (वेट वाइप्स). दीड लिटरच्या बाटल्या कुणी वाहून नेऊ शकत नाही.

कोकणकडा

आणि तर्री?

तिखटमीठ

तर्री वेगळ्या डब्यात, रात्रपाळीच्या स्वयंसेवकांसाठी. उणे पाच अंशांत तिला तोड नाही.

विजेचेही लिहिते, कारण स्वयंपाकघर बहुतेकदा तिथेच अडते. एका एक्स्टेन्शन बोर्डाची मर्यादा १६ अँपिअर, २३० व्होल्टला साधारण ३,६८० वॅट. २,००० वॅटच्या दोन किटल्या एकाच बोर्डावर लावल्या की फ्यूज उडू शकतो, आणि त्याच ओळीवर फोन चार्जिंगचे टेबल असेल तर तेही बंद. किटल्या, हीटर आणि चार्जिंग यांच्या ओळी वेगळ्या ठेवा. युक्रेनचे प्लग पोलंड-जर्मनीत चालतात, अडॅप्टर लागत नाहीत. कमी पडतात त्या केबली. तिन्ही प्रकारच्या (यूएसबी-सी, मायक्रो यूएसबी, लाइटनिंग) ठेवा आणि टेबलाला बांधून ठेवा.

दवबिंदू

औषधांबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. घरातली उरलेली औषधे देऊ नका. उघडलेली पट्टी, अर्धी बाटली, "अजून दोन महिने मुदत आहे" असे काहीही नाही. औषधदानाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत: रुग्णाला दिलेले औषध परत घेऊन दान करायचे नाही, पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, औषधाचे मूळ नाव तिथल्या लोकांना वाचता येईल असे लिहिलेले हवे. भारतातून आणलेल्या गोळ्या कितीही चांगल्या असल्या तरी तिथला औषधविक्रेता त्या देऊ शकत नाही. स्वयंसेवकाने करायचे ते एवढेच: रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट यांची औषधे संपलेल्या माणसाला रिकामी पट्टी किंवा तिचा फोटो घेऊन डॉक्टरकडे पोचवणे.

बाळाच्या दुधाची पावडरही सरसकट वाटू नये. अंगावर पाजणाऱ्या आईला डबा हातात दिला की ताणात असलेली आई पाजणे कमी करते, दूध आटते, आणि पुढच्या मुक्कामी डबा मिळेलच याची खात्री नसते. ज्यांचे बाळ आधीपासून पावडरीवर आहे त्यांना मात्र ती हवीच, आणि खंड न पडता. विचारून द्या. पाणी उकळून, ७० अंशांहून कमी न होऊ देता त्यात पावडर कालवायची, मग बाळाला सोसेल इतके गार करायचे, आणि दोन तासांत न संपलेले टाकून द्यायचे. म्हणूनच पाजण्याच्या जागेपाशी किटली, साबण आणि वाहते पाणी हवे. पाजायला पडद्याआडची एक खुर्ची हवी, हे तर नेहमीच राहून जाते.

थोडे विषयांतर. साध्या माणसांच्या हाती दिलेली मदत काय करू शकते याचे आपल्याकडचे सगळ्यात मोठे उदाहरण १९७१चे आहे. पूर्व पाकिस्तानातून साधारण एक कोटी लोक भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात पटकीचे (कॉलराचे) रोगी जमिनीवर, व्हरांड्यात, आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर पाण्यात, असे मिश्रण पिंपांत तयार ठेवले आणि रोग्याच्या नातेवाइकांनाच पेले भरभरून पाजायला लावले. पटकीचे तीसच्या घरातले मृत्यूचे शेकडा प्रमाण चाराच्या खाली आले. त्यांना २०२३मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

आजही छावणीत ओआरएस (असेच साखर-मिठाचे पाणी) देताना होणारी चूक तीच: एक लिटरचे पाकीट एका पेल्यात कालवणे. ते जास्त खारट होते आणि मुलाला धोका वाढतो. पाकिटासोबत एक लिटरची खूण केलेली बाटली द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

गारवेल

दवबिंदू, हे अजिबात विषयांतर नाही. माझ्या दृष्टीने धाग्यातला हाच मुख्य मुद्दा आहे.

१९७१मध्ये निर्वासितांसाठी पाच पैशांचे जादा टपाल तिकीट लावणेही सक्तीचे झाले होते. जुन्या पत्रांवर अजून दिसते. मदतीचा तोही एक मार्ग, आणि त्यात गोदाम लागत नाही.

करवीरकर

पोलंडचा विषय निघाला आहे तर कोल्हापूरचे नाव यायलाच हवे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि १९४३पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांची वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे, त्यांतही बायका आणि मुलेच जास्त. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले, तेच आजचे गांधीनगर. कोल्हापूरच्या या आठवणीचे स्मारक वॉर्सात आहे, २०२४च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले होते.

कामाचा मुद्दा असा की ती वसाहत पाच वर्षे राहिली. निर्वासित आठवड्याने परत जातील असे धरून केलेली व्यवस्था महिन्याभरात मोडते. वळिवड्यात त्यांच्याच शिक्षकांच्या शाळा होत्या, प्रार्थनास्थळ होते, बालवीर पथके होती. आजही स्वयंसेवकांनी दुसऱ्या महिन्यापासून हेच बघावे: मुलांच्या शाळेचा प्रवेश, भाषेचा वर्ग, आणि त्यांच्यातल्या शिक्षिका, परिचारिका, स्वयंपाकिणी यांना कामात घेणे. कायम रांगेत उभे राहण्यापेक्षा वाढायला उभे राहणे माणसाला बरे वाटते.

उंबरठा

सुरक्षिततेबद्दल सविस्तर लिहिते, कारण यातली चूक कपड्यांसारखी निस्तरता येत नाही. एकट्या बायका, मुली, हातात पैसा नाही, भाषा येत नाही. अशा ठिकाणी माणसांची तस्करी करणारेही "फुकट गाडी, फुकट घर" अशीच पाटी घेऊन उभे राहतात.

गाडी देणाऱ्या प्रत्येकाची नोंद झालीच पाहिजे: ओळखपत्र, फोन, गाडीचा क्रमांक, कुठे नेणार, किती जण. नोंदीची पट्टी चालकाच्या मनगटावर. पट्टी नसलेल्या गाडीत कुणाला बसू द्यायचे नाही, तो माणूस कितीही सभ्य वाटला तरी. शक्य तिथे बाई चालक. प्रवास करणारीला तिच्या भाषेत छापलेला छोटा कागद द्या: पारपत्र कुणालाही देऊ नको, नंबरप्लेटचा फोटो घरी पाठव, पोचल्यावर या क्रमांकावर कळव, ११२ला कुठूनही फोन लागतो. पोलंडमध्ये सिमकार्डाला ओळखपत्राची नोंद लागते, म्हणून कार्ड तिच्याच नावावर घ्यायला मदत करा. स्वयंसेवकाच्या नावावरचे कार्ड पुढे बँक आणि सरकारी नोंदणीत अडचणीचे होते.

पालकांशिवाय आलेले मूल किंवा मावशी-शेजारणीसोबत आलेले मूल दिसले तर स्वतः काही ठरवायचे नाही. बालसंरक्षण कार्यालयाचा माणूस येईपर्यंत दोन स्वयंसेवक जवळ थांबतील, एकटा कुणी नाही.

घरी ठेवून घेणाऱ्यांसाठी: किती महिने, कोणती खोली, स्वयंपाकघर कधी, किल्ली, वायफाय, पाहुणे, धूम्रपान, हे सगळे पहिल्याच दिवशी दोन्ही भाषांत कागदावर. संपण्याची तारीखही त्यातच. तारीख नसली की तीन महिन्यांनी दोघेही संकोचात, आणि मग एके दिवशी भांडण. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाला आधी सांगा. जर्मनीत पत्ता नोंदवायला घर देणाऱ्याचे लेखी पत्र लागते, आणि पत्त्याशिवाय पुढचे काहीच हलत नाही. पोलंडने २०२२मध्ये घरी ठेवून घेणाऱ्यांना माणशी रोज ४० झुओटी द्यायला सुरुवात केली होती, पण ती ठरावीक दिवसांपुरतीच. त्यावर लांबचा हिशोब मांडू नये.

आणि मुलांचे फोटो काढू नका, मंडळाच्या पानावर तर नाहीच. वडील आघाडीवर असतात, मूल कोणत्या गावात आहे हे जगाला कळायची गरज नाही.

श्रावणसर

बोलायचे काय त्यांच्याशी? रडायला लागले तर?

उंबरठा

मानसिक प्रथमोपचाराची तीन पावले आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. आधी बघा की कुणाला तातडीची गरज आहे. मग जवळ बसा, नाव सांगा, "पाणी हवे का, घरच्यांना फोन करायचा का" एवढेच विचारा. "काय झाले तिथे?" असे विचारू नका. स्वतःहून सांगितले तर ऐका, मध्ये तोडू नका, "सगळे ठीक होईल" असे वचन देऊ नका. न विचारता मिठी मारू नका. शेवटी पुढच्या माणसाशी किंवा सेवेशी जोडून द्या.

ईशान्य

सगळी चर्चा युरोपाची. भारतातच मिझोरमला पाहा. २०२१च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तिथले चिन जमातीचे लोक सीमेवरची तियाउ नदी ओलांडून मिझोरमच्या झोखाव्थार, चम्फाईकडे आले. तीस हजारांहून जास्त. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे युक्रेनच्या लोकांना ४ मार्च २०२२ला युरोपात जे तात्पुरते संरक्षण मिळाले तसे काहीच नाही. यंग मिझो असोसिएशन, चर्च आणि गावकरी यांनीच बांबू, तांदूळ, जागा दिली.

तिथला प्रश्न थंडीपेक्षा पावसाचा. चार × सहा मीटरची ताडपत्री हे मदतकार्यातले प्रमाण माप. काठाला पितळी डोळे असलेली, दोन्ही बाजूंनी लेप दिलेली घ्या. पातळ निळी ताडपत्री डोंगराच्या वाऱ्यात डोळ्यांपाशी फाटते आणि उन्हात एका मोसमात चुरते. बांबूचे टोक थेट ताडपत्रीला लागू देऊ नका, त्यावर जुने कापड बांधा. उताराच्या वरच्या बाजूला वीतभर खोल चर खणा, नाहीतर पाणी जमिनीवरूनच आत येते.

पाणी माणशी रोज किमान १५ लिटर, एका नळामागे २५०पेक्षा जास्त माणसे नकोत, वीस माणसांमागे एक शौचालय, राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत, आतून कडी आणि रात्री दिवा. दिवा नसला की बायका संध्याकाळनंतर पाणी प्यायचेच टाळतात. साठवणीच्या पाण्यात क्लोरीन घातल्यावर अर्धा तास थांबून तपासा, लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक दिसायला हवे. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच खर्च होते, म्हणून आधी निवळू द्या, गाळा, मग घाला.

सह्यवारा

ईशान्य, तुलना योग्य आहे. थोडी भर: युरोपातही ते संरक्षण सगळ्यांना सारखे नव्हते. युक्रेनमध्ये शिकणाऱ्या भारतीय किंवा आफ्रिकी विद्यार्थ्यांना ते बहुतेक वेळा लागू नव्हते. आपले विद्यार्थी भारत सरकारच्या ऑपरेशन गंगा मोहिमेच्या विमानांनी जेशुफ, बुखारेस्ट, बुडापेस्टहून परतले. ज्यांच्या देशाने विमान पाठवले नाही त्यांच्यासाठी स्थानकावर वेगळे टेबल आणि इंग्रजी-फ्रेंच बोलणारा माणूस लागत होता. मराठी मंडळींना हे काम सहज करता आले असते.

पुणेकर काकू

पुण्यात बसून काय करता येईल ते कुणी सांगाल का? स्वेटर विणून पाठवायची आमच्या गटाची तयारी आहे.

पायवाट

काकू, विणा जरूर, पण पाठवायचे तिथून पत्र आल्यावरच. विमानाचे भाडे स्वेटरच्या किमतीच्या वर जाते आणि तेवढ्या पैशात तिथे नवा स्वेटर येतो. त्यापेक्षा भारतात नोंदलेल्या, ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) असलेल्या संस्थेला रक्कम द्या. दोन हजारांच्या वर रोखीने दिलीत तर सवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा बँकेतून. आणि ईशान्य यांनी लिहिले त्या मिझोरममध्ये तुमचे हातमोजे-स्वेटर डोंगराळ गावांत कामाला येतील. तिकडच्या संस्थेला आधी विचारून माप आणि नग ठरवा.

गारवेल

सह्यवारा यांचे म्हणणे मान्य. सरसकट बंदी नको. पण आता नेमका प्रश्न: साधारण चाळीस घरांचे मंडळ, शनिवार-रविवारच मोकळा, दोन मोठ्या गाड्या, खात्यात थोडे पैसे. अशा मंडळाने काय उचलावे?

मुक्काम पोस्ट

एकच निवारा किंवा एकच स्थानक धरा आणि तिथली एकच पाळी कायमची घ्या. शनिवार रात्र घ्या, ती कुणालाच नको असते. दर आठवड्याला तीच सहा माणसे आली की व्यवस्थापकाला भरवसा येतो, आणि पोलीस पडताळणीचे कागद एकदाच करावे लागतात. दहा शनिवारी दहा नवे गट आले तर प्रत्येकाला शौचालय कुठे आहे इथपासून सांगावे लागते.

उंबरठा

गाड्या दवाखाना, शाळा आणि सरकारी कार्यालयाच्या फेऱ्यांसाठी. सोबत एक माणूस, जो भाषा जाणतो आणि रांगेत थांबतो. मुलांच्या सीटा आधी जमवा, त्याशिवाय गाडी निघूच शकत नाही. मूल दीडशे सेंटिमीटरच्या खाली आणि वय बाराच्या आत असेल तर जर्मनीत सीट सक्तीची आहे.

पायवाट

पैसे किराणा दुकानाच्या भेटकार्डांत घाला. कार्डांचे अनुक्रमांक वहीत, देताना सही, दोन पदाधिकाऱ्यांच्या ताब्यात दोन याद्या, महिन्याअखेर जुळवणी. दुकान निवाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरचेच असावे. आणि मंडळ सांस्कृतिक कामासाठी नोंदलेले असेल तर निर्वासितांवर खर्च करण्याआधी करसल्लागाराकडून लेखी विचारून घ्या. उद्देशाबाहेर खर्च झाला तर करसवलतीचा दर्जा धोक्यात येतो. गोळा करतानाच पावतीवर "युक्रेन निर्वासित मदत" असा हेतू छापा, म्हणजे ते पैसे गणपतीच्या खात्यात मिसळणार नाहीत.

गारवेल

मंडळाच्या बैठकीपुढे हे ठेवतो. ज्यांच्याकडे युक्रेनियनमध्ये छापलेल्या चिठ्ठ्यांचा किंवा घरी ठेवण्याच्या कराराचा नमुना असेल त्यांनी कृपया इथेच टाका. दर गटाने नव्याने भाषांतर करत बसायला नको.